ओळखा पाहू, ही पेशी कुणाची?

बालमित्रांनो, मृगाचा पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की आपल्या झाडीपट्टीत जिकडंतिकडं कोंब वर येतात. बांधावर, शाळेच्या कुंपणाशी, रानात मोठ्या झाडांच्या सावलीत. आता गंमत अशी, की वाढलेलं झाड ओळखायला आपल्याकडच्या पोरांना काहीच लागत नाही. ऐनाची ती मगरीच्या पाठीसारखी साल दिसली की दुसरीतला मुलगासुद्धा नाव सांगतो. मोह, तेंदू, साग ही तर घरचीच मंडळी! पण कोंब नुकताच फुटलाय, दोन इवलीशी पानं आणि मधे एक हिरवा ठिपका, अशा वेळी ओळखून दाखवा बरं! भल्याभल्यांची फजिती होते. मग जाणता माणूस काय करतो? एक कोवळं पान तोडून तळहातावर चोळतो. हात लालभडक झाला की समजावं, हा साग. डोळ्याला जे कळलं नाही, ते रंगानं सांगितलं.

आज मी तुम्हाला ज्या गोष्टीबद्दल सांगणार आहे, ती हीच युक्ती आहे. फक्त रानाऐवजी ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत चालते, आणि कोंबाच्या जागी असते एखाद्या मुलाच्या अंगातली गाठ.

'कॅन्सर' हा शब्द ऐकून घाबरू नका. शब्द मोठा आहे, पण तो समजून घेतला की त्याची भीती थोडी कमी होते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे हे तुम्ही शिकलात. स्नायूची पेशी लांबट, मज्जापेशी फांद्या फुटल्यासारखी, रक्तातली लाल पेशी चपटी. जिचं जसं काम, तसा तिचा आकार. पण ही पेशी जन्मतःच अशी नसते. आधी ती असते साधी, लहान, गोल. मग हळूहळू तिला आपलं काम समजतं आणि ती त्या आकाराची होते. कधी कधी मात्र एखादी पेशी कोवळी असतानाच बिघडते. मोठं व्हायचं विसरते आणि नुसती एकाच्या दोन, दोनाच्या चार होत राहते. तिची गाठ होते. मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांत अशा 'कोवळ्या' गाठी जास्त आढळतात, कारण मुलांचं शरीर अजून घडतच असतं.

अशा गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काय दिसतं? लहान, गोल, निळ्या पेशींची गर्दी. डॉक्टरांनी या गटाला नावही तसंच सरळ दिलंय, 'लहान गोल पेशींच्या गाठी'. मांडीच्या हाडातली गाठ असो, पोटातली असो की डोळ्यामागची, पेशी दिसायला सगळ्या बहिणी-बहिणी! आणि खरी अडचण इथंच आहे. कारण त्या बहिणी नाहीत. वेगवेगळ्या घरच्या आहेत.

हाडात किंवा हाडालगत येते ती इविंग सार्कोमा. अमेरिकेतल्या जेम्स इविंग या डॉक्टरांनी १९२१ साली तिचं वर्णन केलं म्हणून तिला त्यांचं नाव. ती बहुतेक दहा ते वीस वर्षांच्या मुलामुलींत दिसते. स्नायूच्या कोवळ्या पेशींची गाठ म्हणजे रॅब्डोमायोसार्कोमा. (नाव एका दमात म्हणून बघा! आमच्या वर्गात पाचव्या प्रयत्नात एका मुलीला जमलं.) मज्जातंतूंच्या कोवळ्या पेशींची ती न्यूरोब्लास्टोमा. ती मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या बाळांना, बहुतेक वेळा पोटात, मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीत होते. खुद्द मूत्रपिंडातली ती विल्म्सची गाठ. आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या बाळांपासून होणारा लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा.

नावं पाठ करू नका. एवढंच लक्षात ठेवा की प्रत्येकीचं औषध वेगळं, औषधाचा काळ वेगळा, शस्त्रक्रिया कधी करायची, करायची की नाही, तेही वेगळं. लिम्फोमा असेल तर मुळात गाठ कापून काढायची गरजच नसते, पण औषधं दोन ते तीन वर्षं चालतात. इविंग असेल तर तीव्र औषधं काही महिने आणि मधे शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, किंवा दोन्ही. तान्ह्या बाळातली काही न्यूरोब्लास्टोमा तर नुसत्या देखरेखीत आपोआप विरून जाते! म्हणजे नाव चुकलं तर पुढचं सगळंच चुकलं. एखाद्या मुलीचा पाय राहणार की जाणार, हेसुद्धा त्या नावावर ठरू शकतं.

मग नाव ठरवतात कसं? त्यासाठी आधी गाठीचा छोटासा तुकडा काढतात. याला म्हणतात बायोप्सी. खेड्यापाड्यात एक समज आहे, की गाठीला सुई लावली की ती 'फुटते' आणि पसरते. आई-बाबांनो, या समजापायी कित्येक घरांत महिनेच्या महिने वाया जातात. बायोप्सी कुठून आणि कशी घ्यायची याचे नियम ठरलेले आहेत, आणि ते जाणणाऱ्या डॉक्टरांनीच ती घ्यावी, हे मात्र खरं. नावाशिवाय औषध नाही आणि तुकड्याशिवाय नाव नाही.

तो तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकतात. हे पाणी तुम्ही पाहिलंय. कॉलेजच्या प्रयोगशाळेत साप-बेडूक ज्यात बुडवून ठेवतात, तेच. तुकड्याच्या दहापट तरी फॉर्मॅलिन हवं, नाहीतर आतला भाग नासतो आणि पुढं कितीही मोठी प्रयोगशाळा असली तरी तिचा इलाज चालत नाही. मग त्या तुकड्यातलं पाणी काढून टाकून तो वितळलेल्या मेणात बसवतात. मेण थिजलं की झाला मेणाचा ठोकळा. डॉक्टर त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्राच्या धारदार पात्यानं या ठोकळ्याचे पापुद्रे काढतात. किती पातळ? तीन-चार मायक्रॉन! म्हणजे तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस पापुद्रे मावतील. कोमट पाण्यावर तो तरंगवायचा आणि काचपट्टीवर अलगद उचलून घ्यायचा. करणाऱ्याचा हात काय सुरेख बसलेला असतो!

पहिला रंग देतात हिमॅटॉक्सिलिन. आणि इथं जंगलातल्या मुलांनी कान टवकारावेत, कारण हा रंग झाडाचा आहे. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेत लॉगवुड नावाचं एक झाड होतं. त्याच्या खोडाच्या गाभ्यातून हा रंग निघतो. आपण खैराच्या गाभ्यापासून कात काढतो ना, अगदी तसंच. जगातल्या दवाखान्यांत दीडशे वर्षं हाच रंग चालत आला आहे. तो पेशीच्या केंद्रकाला निळा करतो. दुसरा रंग इओसिन, तो बाकीचा भाग गुलाबी करतो. कोवळ्या पेशीत जवळजवळ सगळी जागा केंद्रकानंच अडवलेली असते, गुलाबी म्हणावं असं काही उरतच नाही. म्हणून त्या निळ्या दिसतात.

इथपर्यंत डॉक्टरला कळतं ते एवढंच, की कोंब उगवलाय. कशाचा, ते नाही. आता पान चोळायची वेळ आली.

प्रत्येक पेशी आपल्या कामाला लागणारी प्रथिनं बनवते. प्रथिनं म्हटली की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात, पण अंगात हजारो तऱ्हेची प्रथिनं असतात. स्नायूची पेशी डेस्मिन नावाचा धागा विणते. तिच्या केंद्रकात मायोजेनिन असतं, 'तू स्नायू हो' असा हुकूम देणारं प्रथिन. मज्जापेशीत निरोपाची द्रव्यं भरलेल्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्या कातडीवर सिनॅप्टोफायसिन असतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या अंगावर सीडी ४५ नावाचं प्रथिन असतं. कोवळी, बिघडलेली पेशी आकार विसरते, पण घरची ही खूण बहुधा विसरत नाही. या खुणांना डॉक्टर 'मार्कर' म्हणतात. डेपोतल्या लाकडावर वनखात्याचा हातोड्याचा शिक्का असतो, तसंच काहीसं. पण फरक आहे. तो शिक्का माणूस बाहेरून मारतो. ही खूण पेशीच्या आतून आलेली असते.

ही खूण शोधायला वापरतात प्रतिद्रव्यं, म्हणजेच अँटिबॉडी. देवी-गोवरच्या धड्यात तुम्हाला ती भेटली असतील. रोगजंतू आला की आपलं शरीर त्याला नेमकं चिकटणारं प्रतिद्रव्य बनवतं. कुलपाला किल्ली तसं. शास्त्रज्ञांनी विचार केला, जंतूला चिकटतं तर हव्या त्या प्रथिनाला चिकटणारंही बनवता येईल की! १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिद्रव्याला चमकणारा रंग जोडून दाखवला. पण एकाच जातीची, शुद्ध प्रतिद्रव्यं हवी तेवढी मिळत नव्हती. १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी प्रतिद्रव्य बनवणारी उंदराची पेशी आणि एक कॅन्सरची पेशी यांची सांगड घातली. कॅन्सरची पेशी मरत नाही, वाढतच राहते. हाच तिचा दुर्गुण त्यांनी कामाला लावला. जोडपेशी दिवसरात्र एकच प्रतिद्रव्य बनवत बसली. १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासोबत नोबेल मिळालं. मला विचाराल तर माणसाच्या अकलेचं याहून झकास उदाहरण नाही.

आता प्रयोगशाळेत चला. फॉर्मॅलिननं प्रथिनांच्या गाठी मारून ठेवलेल्या असतात, त्यामुळं किल्ली बसत नाही. त्या सोडवायच्या कशा? उकळून! १९९१ साली एका संशोधक गटानं काचपट्ट्या मायक्रोवेव्हमध्ये तापवल्या आणि दडलेल्या खुणा उघड झाल्या. पुढं कित्येक प्रयोगशाळांनी सरळ प्रेशर कुकर आणला. हो, तोच, शिट्टीवाला. कॅन्सरचं निदान कुकरमध्ये होतं हे सांगितल्यावर आमच्या वर्गात एकच हशा पिकला होता, पण ते खरं आहे.

नंतर काचपट्टीवर प्रतिद्रव्याचा थेंब. खूण असेल तर ते चिकटतं, नसेल तर धुऊन जातं. मग दुसरं प्रतिद्रव्य, जे पहिल्याला चिकटतं आणि पाठीवर एक विकर घेऊन येतं. हे विकर हॉर्सरॅडिश नावाच्या तिखट मुळापासून मिळवतात. शेवटी एक रसायन घालतात आणि विकर त्याचा तपकिरी रंग करतं. जिथं खूण, तिथं तपकिरी. जिथं नाही, तिथं निळंच. या सगळ्या पद्धतीचं नाव इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. दवाखान्यात सगळे 'आयएचसी' म्हणतात.

पण रंग आला म्हणजे झालं, असं नाही हं. कुठं आला तेही बघावं लागतं. मायोजेनिन केंद्रकातच दिसायला हवं, सीडी ४५ पेशीच्या कडेला. शिवाय दर वेळी एक ओळखीची काचपट्टी सोबत रंगवतात. जसं, सीडी ४५ साठी कुणाचा तरी काढून टाकलेला टॉन्सिल! त्यात पांढऱ्या पेशी खच्चून भरलेल्या असतात, तेव्हा तो तपकिरी झालाच पाहिजे. नाही झाला तर समजावं, आज औषधच बिघडलंय. दुकानदाराचा तराजू तपासायला आपण किलोचं खरं वजन ठेवून बघतो ना?

आता एक कोडं घालते. समजा, बारा वर्षांच्या एका मुलीच्या नडगीच्या हाडात गाठ आहे. पेशी लहान, गोल, निळ्या. चार काचपट्ट्या रंगवल्या. डेस्मिन निळं, म्हणजे स्नायू नाही. सिनॅप्टोफायसिन निळं, मज्जातंतू नाही. सीडी ४५ निळं, म्हणजे पांढऱ्या पेशी नाहीत असं वाटतं. चौथी सीडी ९९. ही इविंगची मोठी खूण समजली जाते, आणि ती पेशींच्या कडेनं छान तपकिरी आली आहे. वय जुळतं, जागा जुळते. सांगा, गाठ कुठली?

'इविंग!' म्हणालात? घाई झाली. लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाची पेशी इतकी कोवळी असू शकते, की तिच्यावर अजून सीडी ४५ चढलेलंच नसतं. आणि सीडी ९९ तिच्याही अंगावर असतं! हा चकवा पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना चांगला ठाऊक आहे. म्हणून ते पाचवी काचपट्टी रंगवतात, टीडीटीची. टीडीटी हे कोवळ्या लसिकापेशींच्या केंद्रकात असणारं प्रथिन. ते तपकिरी आलं तर मुलीला इविंग नाही, लिम्फोमा आहे. मघाशी काय म्हटलं होतं? लिम्फोमात हाड कापायची गरज नसते. म्हणजे एका काचपट्टीनं एक पाय वाचला. म्हणूनच एकाच खुणेवर विसंबून कुणी शहाणा डॉक्टर नाव लिहीत नाही. 'हे आहे' इतकंच 'हे नाही' सुद्धा तपासतो.

तरीही शंका उरली तर थेट जनुकं बघतात. इविंगच्या बहुतेक गाठींत ११ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदललेले असतात. हे १९८३ च्या सुमारास लक्षात आलं आणि १९९२ मध्ये त्यातली जनुकंही सापडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात तर पूर्वी 'इविंगसारख्या' म्हणून एकत्र टाकलेल्या काही गाठींना वेगळी घरं मिळाली आहेत.

आपल्या महाराष्ट्रात हे काम कुठं चालतं? मुंबईतल्या परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय तुम्ही ऐकून असाल. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरनं गेल्या. तसं रुग्णालय आपल्या देशात हवं, ही कल्पना त्यानंतर रुजली आणि १९४१ मध्ये त्याचे दरवाजे उघडले. तिथं काचपट्ट्यांचं शास्त्र उभं केलं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी. भारतातल्या पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांना मान आहे. त्यांच्या हाताखाली तयार झाल्या पुण्याच्या कमल रणदिवे. त्यांनी मुंबईत काचेच्या भांड्यात जिवंत पेशी वाढवण्याची, देशातली पहिली म्हणावी अशी, प्रयोगशाळा उभारली. विशेष म्हणजे त्यांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचाही अभ्यास केला. सूक्ष्मदर्शकातली बाई पाड्यावरही गेली!

आपल्याला मुंबई लांब पडते. सिरोंच्याहून नुसतं नागपूर तीनशे किलोमीटरहून जास्त. पण नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' कोण आहे ते आधी विचारावं.

आणि आता पालकांसाठी थोडं स्पष्ट. मुलाच्या अंगावरच्या बहुतेक गाठी साध्या असतात. खेळताना लागलेला मार बहुतेक वेळा मारच असतो. पण दुखणं काही आठवड्यांनंतरही जात नाही, रात्री जास्त ठणकतं, सूज वाढतेय, पोट एका बाजूनं टणक लागतंय, तर चोळू नका. तेल लावून रगडणं, डाग देणं, पट्टा आवळणं यांतलं काही करू नका. पोटातली गाठ तर घरातल्या प्रत्येकानं दाबून बघू नये. पुजाऱ्याकडं जायचं तर जा, श्रद्धेवर माझा काही आक्षेप नाही. पण त्याच आठवड्यात डॉक्टरांकडंही जा, आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी करा. श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या मुलांपैकी शंभरात ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात. जगभर निदान साठ तरी बरी व्हावीत, असं २०३० सालासाठीचं उद्दिष्ट जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठेवलं. या दोन आकड्यांतलं अंतर बरंचसं उशिरा निदानाचं, चुकलेल्या नावाचं आणि अर्ध्यावर सोडलेल्या उपचारांचं आहे.

औषधांमध्ये एक तुमच्या ओळखीचं आहे. शाळेच्या दारातली सदाफुली! तिच्यापासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन लिम्फोमा, इविंग, रॅब्डोमायोसार्कोमा अशा कित्येकींवर चालतं. पण म्हणून पानं चावून खाऊ नका हं, ती विषारी आहेत. त्या पानांतलं औषध अगदी कणभर असतं आणि ते मोजून, शिरेतूनच देतात.

एक शेवटचं, फार कुणी सांगत नाही म्हणून. बायोप्सी झाली की अहवालाचा कागद सगळे जपतात, पण मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या प्रयोगशाळेतच राहतात. दुसरीकडं दाखवायला जाताना त्या मागून घ्याव्यात. त्यामुळं मुलाला दुसऱ्यांदा सुई टोचायची वेळ बहुधा येत नाही. अहवालावरचा ठोकळ्याचा नंबर वहीत उतरवून ठेवा. ठोकळा नीट राहिला तर वर्षानुवर्षं टिकतो, नवी खूण सापडली की त्याचाच आणखी एक पापुद्रा काढता येतो. फक्त हे मेण साधारण ५६ ते ६० अंशांना वितळतं, आणि आपल्या चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४७ च्याही पुढं जातो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा ठोकळा थर्माकोलच्या डब्यात, बर्फाची बंद पिशवी शेजारी ठेवून, मांडीवर घेऊन जावा.